योको ओनो : सूचना, कात्री आणि गीत

योको ओनो हे नाव आपल्याकडे बहुधा जॉन लेननच्या पत्नीचे नाव म्हणूनच उच्चारले जाते. एखाद्या कलावंताची नोंद नात्याने झाली, की त्या नात्यापूर्वीचे त्याचे कर्तृत्वही नंतरचे वाटू लागते. म्हणून आम्ही येथे कालक्रमापासूनच आरंभ करतो.

१९३३ साली टोकियोत जन्मलेल्या ओनो यांनी डिसेंबर १९६० पासून न्यूयॉर्कच्या चेंबर्स स्ट्रीटवरील आपल्या जागेत ला माँट यंग या संगीतकारासह प्रयोगशील मैफली घडवून आणल्या. जुलै १९६४ मध्ये त्यांचे 'ग्रेपफ्रूट' हे पुस्तक टोकियोत निघाले. पहिली आवृत्ती ५०० प्रतींची. त्यात कथा नाही, रूढ अर्थाने कविताही नाही. आहेत त्या सूचना : काही करा, ऐका, वा नुसते मनात आणा असे सांगणाऱ्या. स्वरलिपी जशी गायनाशिवाय अपुरी, तशी ही संहिता वाचकाच्या कृतीवाचून अपुरी राहते. आज्ञार्थी क्रियापद हेच तिचे खरे व्याकरण होय.

त्याच वर्षी क्योतो येथे 'कट पीस' सादर झाले. कलावती रंगमंचावर निश्चल बसलेली, पुढ्यात कात्री. प्रेक्षकांनी एकेक करून यावे आणि तिच्या वस्त्राचा तुकडा कापून न्यावा. येथे प्रेक्षकाला तटस्थ रसिक राहता येत नाही. कात्री हाती घेताच तो स्वतःच प्रयोगाचा विषय बनतो. लेननची भेट झाली ती यानंतर, नोव्हेंबर १९६६ मध्ये, लंडनच्या इंडिका गॅलरीत.

१९७१ च्या 'इमॅजिन' या गीताची मूळ युक्ती, श्रोत्याला कल्पना करावयास सांगणे, ही 'ग्रेपफ्रूट'मधील सूचनांचीच आहे. लेननने १९८० मधील बीबीसीच्या मुलाखतीत हे ऋण आणि ते दडवल्याचा दोष, दोन्ही मान्य केले. तरीही ओनो यांना सहगीतकार म्हणून श्रेय देण्याची घोषणा अमेरिकेतील संगीत-प्रकाशकांच्या राष्ट्रीय संघटनेने केली ती २०१७ मध्ये, गीतानंतर ४६ वर्षांनी.

रोलाँ बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा १९६७ मध्ये केली. ओनो यांनी त्याआधीच आपली संहिता वाचकाच्या स्वाधीन केली होती. मात्र स्वेच्छेने लेखकत्व सोडणे वेगळे आणि ते नाकारले जाणे वेगळे. पहिली कलादृष्टी आहे, दुसरा अन्याय. लेखकाचा मृत्यू वर्गात शिकवताना ज्यांची नावे मुखपृष्ठावर कधी आलीच नाहीत त्यांचे काय, हाही प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावयास हवा, असे आम्हांस वाटते.

२००३ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, ओनो यांनी पॅरिसमध्ये 'कट पीस' पुन्हा सादर केले. संहिता तीच होती. देह आणि काळ बदलले होते, आणि म्हणूनच प्रयोगही नवा होता.