तरतूद आणि बेगमी

“आवडलं, पण बजेटमध्ये बसत नाही,” हे वाक्य साडीच्या दुकानात ऐकू येते आणि फ्लॅट पाहतानाही. बजेटला ‘बसणे’ हे क्रियापद आपण सहज जोडले, पण शब्दाचे मूळ पाहता ते चपखल आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘बूजेत’ म्हणजे चामड्याची छोटी थैली. इंग्रजीत तिचे बजेट झाले, तरी बराच काळ ती थैलीच होती. १७३३ साली पंतप्रधान रॉबर्ट वॉल्पोलच्या अबकारी कराच्या बेताची टर उडवणारे एक चोपडे इंग्लंडात निघाले. ‘बजेट उघडले’ अशा अर्थाचेच त्याचे नाव होते. कारभारी म्हणजे पोतडी सोडून बसलेला वैदू, अशी ती थट्टा. थट्टा विरली आणि शब्द दरबारी चिकटला. ७ एप्रिल १८६० रोजी जेम्स विल्सन यांनी हिंदुस्थानचे पहिले बजेट मांडले, ते याच शब्दाने. पुढे ५ जुलै २०१९ ला निर्मला सीतारामन चामडी ब्रीफकेस सोडून लाल कापडातली वही घेऊन आल्या, तेव्हा शब्दातले चामडे गेले, शब्द तेवढा उरला.

सरकारी मराठीत याला अर्थसंकल्प म्हणतात. संकल्प म्हणजे हातावर पाणी घेऊन, स्थळ-काळ-गोत्र सांगून ‘हे मी करीन’ असे बोलणे. घरात हा शब्द कोणी वापरला तर चेष्टेनेच. त्यापेक्षा ‘अंदाजपत्रक’ मला प्रामाणिक वाटते. फारसीत ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणे, टाकणे. तीर टाकणारा तो तिरंदाज, गोळा टाकणारा तो गोलंदाज. पूर्वी तो तोफेपाशी उभा असे, हल्ली वानखेडेवर दिसतो. अंदाज त्यांच्याच घरातला. नेम धरून टाकायचे आणि लागते का ते पाहायचे. वाणसामानाची यादी करताना आपण दुसरे काय करतो?

घरोघरी खरा नांदला तो जमाखर्च. दोन्ही शब्द मूळचे अरबी. जमा म्हणजे एकत्र आणलेले. जमात, जुम्मा हे त्याच धातूचे, आणि मुजुमदारही, म्हणजे एकूण वसुलाचा हिशेब राखणारा. खर्चात बाहेर पडण्याचा अर्थ आहे. खारीज झालेला दावा आणि खर्च झालेला रुपया हे सख्खे भाऊ. शिवाजीमहाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले आणि मुजुमदाराचा अमात्य झाला. पण जमाखर्च स्वयंपाकघरातून हलला नाही. मुजुमदारही आडनावात टिकले. वहीच्या त्या दोन रकान्यांत पुढे सगळे जग येऊन बसले. पगार पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्याकडे ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे, म्हणजे देणाऱ्याचे क्रियापद आपल्याकडे घेणाऱ्याचे नाम झाले. चिल्लर दक्षिणेतून आली. हप्ता फारसी ‘हफ्त’वरून, म्हणजे सातावरून. तो आठवड्याचा असायला हवा, पण घराच्या कर्जाचा हप्ता महिन्याने कापला जातो आणि कोणाला विसंगती जाणवत नाही.

जमाखर्चाची एक अडचण आहे. तो मागे पाहतो. भाजी आणली, मग लिहिली; पैसे गेले, मग कुठे गेले ते कळले. दर जानेवारीत किंवा पाडव्याला नवी वही निघते, पहिल्या पानावर दूध, गॅस, रिक्षा असे सुवाच्य अक्षर पडते, आणि पुढे पाने कोरी. अशा माणसासाठी आपल्याकडे ‘आरंभशूर’ हा शब्द आहे. दाक्षिणात्य तेवढे आरंभी शूर असतात, असा टोमणा संस्कृतात आहे, आणि त्या दाक्षिणात्यांत आपण मोडतो. पण दोष सगळा आळसाचा नाही. नुसती नोंद खर्चाला थांबवत नाही, त्याचा पंचनामा करते. पंचनामे लिहायचा कंटाळा कोणालाही येईल.

पुढचे पाहणारे दोन शब्द मराठीत आहेत, आणि त्यांची कुळे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पहिला ‘तरतूद’. “अमुक कोटींची तरतूद” हे आपण दर फेब्रुवारीत ऐकतो. हा अरबी ‘तरद्दुद’. त्याचा अर्थ येरझारा, घुटमळणे, आणि उर्दूत आजही चिंता. येरझारा घालणाऱ्याने अखेर काहीतरी सोय केली, ती तरतूद. दुसरा ‘बेगमी’. बे म्हणजे शिवाय, गम म्हणजे दुःख, काळजी. बेगमी म्हणजे निश्चिंती. मराठीत तिचा अर्थ झाला साठवण: पावसाळ्याची बेगमी, वर्षाची बेगमी. चैत्र-वैशाखात गहू-तांदूळ भरायचे, डाळी उन्हात द्यायच्या, कांदे टांगायचे, तिखट कुटायचे, पापड-कुरडया वाळवायच्या. अवस्थेचे नाव वस्तूंना मिळाले. भरलेली कणगी म्हणजेच काळजी नसणे.

या बेगमीत लिहायचे काही नव्हते, म्हणून सोडून द्यायचेही काही नव्हते. आधी बाजूला काढायचे आणि मग उरेल त्यात भागवायचे. पगाराच्या दिवशीच पैसे आवर्ती ठेवीत वळते होण्याची सोय बँका करून देतात, त्याला कोणी बेगमी म्हणत नाही. म्हणायला हरकत नसावी.

मात्र ज्यांचे हातावर पोट आहे त्यांना वर्षाचे गहू एकदम भरणे जमलेच नाही. ते पावशेराने घेत आणि पावशेर नेहमी महाग पडतो. त्यांच्या वाट्याला तिसरा शब्द आला, उधार. तो संस्कृत ‘उद्धार’चाच उतरलेला अवतार. वर काढणे आणि कर्ज हे दोन्ही अर्थ त्या शब्दात संस्कृतातच होते. वाण्याने उधार दिले तर महिनाअखेरीला उद्धारच म्हणायचा. नाही दिले तर गिऱ्हाईक त्याचा उद्धार करते, तो वेगळ्या अर्थाने. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी लावणाऱ्याला हे सगळे ठाऊक असते.