मऊ बुटाची कुळकथा

स्कीचा बूट ताठ असावा, हा दंडक शर्यतवाल्यांचा. १९६०च्या दशकात अमेरिकेत बॉब लँगे यांनी प्लॅस्टिकचे बूट आणले आणि शर्यतीतून चामडं पाहता पाहता हद्दपार झालं. नडगीने दिलेला जोर वाया न जाता थेट स्कीच्या कडेपर्यंत पोहोचू लागला. वेगात वळताना तो हवाच. पण दोन तुकडे एकमेकांवर चढवलेलं हे कवच वाकताना घोट्यापाशी फुगायचं आणि थोडं वाकून अडायचं.

यावर तोड काढली एरिक गीझे या अमेरिकन माणसाने. ही कल्पना अंतराळवीरांच्या पोशाखावरून आली. त्या पोशाखाचे सांधे हवा भरलेली असूनही वाकावे लागतात, म्हणून त्यांना वळ्या असतात. गीझेने बुटाच्या पुढच्या बाजूला तशीच वळ्यांची जीभ बसवली. पेटीच्या भात्यासारखी ती दबते आणि सुटते. कवचाचा आकार मात्र बिघडत नाही. स्वित्झर्लंडच्या राइशले कंपनीने या रचनेचा परवाना घेऊन १९८०च्या सुमारास ‘फ्लेक्सॉन’ बाजारात आणला. मोगलवाले, म्हणजे बर्फाच्या उंचवट्यांवरून उड्या घेत उतरणारे, त्यावर लट्टू झाले. त्यांचे गुडघे क्षणाक्षणाला वर-खाली होतात. बूट अडला तर तो हिसका नडगीलाच बसतो.

टेरेन पार्कच्या, म्हणजे उड्यांसाठीचे उंचवटे आणि रेल मुद्दाम उभारलेल्या उतारांवरच्या, स्कीइंगची मुळं या मोगलवाल्यांत आहेत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कॅनडातले जेपी ऑक्लेर, माइक डग्लस आणि त्यांचे सोबती मोगलच्या नियमांना वैतागून हवेत गिरक्या घेऊ लागले. त्यांच्यासाठी सालोमॉन कंपनीने १९९८ मध्ये दोन्ही टोकं वळलेली ‘टेनएटी’ स्की काढली. उलटं उतरणं, लोखंडी रेलवर घसरणं सुरू झालं. नेमक्या त्याच काळात राइशलेचा फ्लेक्सॉन बंद पडला. लोक जुने जोड धुंडाळत राहिले. अखेर २००६ मध्ये के-टू कंपनीने जुनेच साचे वापरून तो ‘फुल टिल्ट’ नावाने पुन्हा काढला आणि पार्कातल्या पोरांनी तो डोक्यावर घेतला.

मात्र पार्क म्हणजे मऊ बूट, हे समीकरण मला पटत नाही. फार मऊ बूट मोठ्या उडीनंतर पूर्ण वाकून तळ गाठतो आणि सगळा धक्का नडगीवर येतो. वजन मागे पडलं तर सावरायला टेकूही उरत नाही. फार ताठ असला तर घोटा वाकत नाही, उतरताना धक्का विरत नाही आणि रेलवर पाय लाकडासारखे होतात.

बुटावरचा फ्लेक्सचा, म्हणजे ताठपणाचा आकडा, ८० असो की १२०, कुठल्याही समान मापावर ठरलेला नसतो. एका कंपनीचा शंभर दुसरीच्या शंभराला ओळखही देणार नाही. वजनदार माणसाला तोच बूट मऊ वाटतो. शिवाय दुकानाच्या उबेत प्लॅस्टिक लवतं आणि डोंगरावरच्या थंडीत ताठरतं, हे विक्रेता दर वेळी सांगेलच असं नाही.

म्हणून फुल टिल्टची खरी करामत जिभेत होती. ती सुटी निघायची आणि वेगवेगळ्या ताठपणाच्या जिभा मिळायच्या. रेलसाठी मऊ लावा, मोठ्या उड्यांसाठी ताठ. बूट तोच.