रयतेचा चित्रकार हेंद्रा गुनावान

डच अंमलाच्या उत्तरकाळात जावा बेटाची जी निसर्गचित्रे बटाव्हिया-बांडुंगच्या गोऱ्या अंमलदारांच्या आणि मळेवाल्यांच्या दिवाणखान्यांत लागत, त्यांत धुक्याने वेढलेला ज्वालामुखी, माडांची रांग व पाण्याने तुडुंब भरलेली भातखाचरे यांखेरीज सहसा काही नसे. माणूस असलाच, तर बांधावरच्या एखाद्या ठिपक्याएवढा. पश्चिम जावातील ज्या सुंदा मुलखाचे डोंगर या चित्रांतून पुनःपुन्हा अवतरत, त्याच मुलखातील रयतेकडून अठराव्या शतकापासून दीर्घकाळ सक्तीने कॉफी लावून घेतली जाई व ती ठरल्या भावाने सरकारी वखारीत भरावी लागे; आणि १८३० पासून जावाच्या इतर भागांतही गावजमिनीचा पाचवा हिस्सा नीळ, ऊस अशा निर्यातीच्या पिकांसाठी राखण्याचा दंडक आला, जो अंमलात येताना कागदावरील मर्यादा सहज ओलांडून गेला. या वेठीचा मागमूसही त्या रम्य चित्रांत नव्हता.

१९३८ मध्ये बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, ‘परसागी’ ही देशी चित्रकारांची संघटना स्थापन झाली. तिचा चिटणीस सुजोयोनो हा सुमात्रातील मळ्यावर राबणाऱ्या जावानीज मजुराचा मुलगा. त्याने या ‘सुंदर इंडीज’ पठडीवर, म्हणजे डोंगर, माड आणि खाचर या त्रयीवर, इतक्या कठोरपणे कोरडे ओढले की त्या नावाला तेव्हापासून कायमचा उपहासाचा वास लागला.

१९१८ मध्ये बांडुंगला जन्मलेल्या हेंद्रा गुनावानचा पिंड मात्र वादविवादाचा नव्हता. त्याचे आरंभीचे शिक्षण निसर्गचित्रणाचेच झाले होते, आणि नाटकमंडळींचे पडदे रंगवण्यातही त्याची उमेदवारीची काही वर्षे गेली. पडद्यावरचे रंग शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्याची ती सवय त्याच्या कुंचल्यातून पुढे कधी गेली नाही, असे मला वाटते. अफांदीसारख्या वडीलधाऱ्या चित्रकार मित्राच्या सहवासात (हा अफांदी १९४९ नंतर भारतात येऊन शांतिनिकेतनात राहिला होता) त्याची दृष्टी माणसांकडे वळली. आणि इंडोनेशियाच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या धुमश्चक्रीत, प्रजासत्ताकाची राजधानी योग्यकर्ता येथे असताना, १९४७ मध्ये या दोघांनी ‘पलुकिस राक्यात’, अर्थात रयतेचे चित्रकार, हे मंडळ काढले.

हेंद्राच्या चित्रांत जे गाव दिसते, ते प्रामुख्याने बायांचे गाव आहे. मासे विकणाऱ्या, पोराला पाजीत बाजारात बसलेल्या, एकमेकींच्या केसांतील उवा काढणाऱ्या, अंगात वारा शिरला म्हणून सोबतिणीच्या पाठीवर तेल लावून नाण्याने लाल पट्टे ओढणाऱ्या या बाया त्याने अशा काही ममतेने रंगवल्या आहेत की दारिद्र्याची कणव येण्याआधी त्यांच्यातील परस्परांचा जिव्हाळाच मनात भरतो. चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळातील पात्रांप्रमाणे त्यांचे चेहरे बहुधा एका बाजूने दिसतात, माना लांब, अंगावर बातिकची दाट नक्षी. आणि खाली मोठमोठी, फताडी, बोटे फाकलेली पावले, जी जन्मभर अनवाणी चिखल तुडवल्याखेरीज कोणाला लाभत नाहीत.

डाव्या विचारांच्या ‘लेक्रा’ या सांस्कृतिक संघटनेशी असलेला संबंध त्याला भोवला. १९६५ च्या राजकीय उलथापालथीनंतर डाव्यांची जी धरपकड झाली, तीत त्यालाही अटक झाली, आणि कोणतीही चौकशी, कोणताही खटला न चालता १९७८ पर्यंत तो बांडुंगच्या केबोन वारू तुरुंगात राहिला. त्या तेरा वर्षांचा विचार करताना मन विषण्ण होते. तथापि कलेच्या इतिहासाला दखल घ्यावी लागते ती याची, की पूर्वीच्या चित्रांतील मातकट, काळपट छटा याच कोठडीत मावळल्या आणि त्यांच्या जागी मोरपंखी, जांभळे, नारिंगी रंग उसळून आले. बाजार, समुद्रकिनारा, माशांचे ढीग हे सारे तो आता स्मृतीतून रंगवीत होता, आणि स्मृतीने त्याच्या गावाला पूर्वी कधीच नव्हती इतकी समृद्धी बहाल केली.

सुटकेनंतर तो बालीत राहिला आणि १९८३ मध्ये तेथेच निवर्तला. त्याची अनेक चित्रे आज जकार्तातील संग्रहांत जतन झाली आहेत. त्यांतील तुरुंगातल्या चित्रांविषयी कोणी असा आक्षेप घेईल, की इतके लोभसवाणे गाव रंगवून हेंद्रा अखेरीस त्याच ‘सुंदर इंडीज’च्या वाटेला गेला. मला तो मान्य नाही. त्या जुन्या चित्रांत कोणाच्या खांद्यावर भार नसतो. हेंद्राच्या झगझगीत किनाऱ्यावर मात्र माशांनी भरलेली कावड वाकलेली असते, ती पेलणाऱ्याची मान ताणलेली असते, आणि ती भली मोठी पावले वाळूत घट्ट रोवलेली असतात. रंग कितीही चढले, तरी कष्टाचे हे माप त्याने तसूभरही कमी केले नाही.