अभिजाततेचे वैदर्भीय पुरावे

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या पाच भाषांना अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यांपैकी पहिल्या तिन्ही भाषांच्या इतिहासाचा नागपूर आणि विदर्भाशी निकटचा संबंध आहे, आणि या निर्णयाच्या चर्चेत या संबंधाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

अभिजात भाषा हा शासकीय वर्ग २००४ साली तमिळच्या निमित्ताने निर्माण झाला. आरंभी हजार वर्षांची असलेली प्राचीनतेची अट पुढच्याच वर्षी, संस्कृतला दर्जा देताना, दीड ते दोन हजार वर्षांपर्यंत वाढवण्यात आली. त्यानंतर २००८ मध्ये कन्नड व तेलुगू, २०१३ मध्ये मल्याळम आणि २०१४ मध्ये ओडिया या भाषांचा समावेश झाला. मराठीपुढची अडचण या वाढीव अटीतच होती, कारण ‘लीळाचरित्र’ किंवा ‘विवेकसिंधु’ यांसारख्या ग्रंथांच्या आधारे बाराव्या-तेराव्या शतकापलीकडे जाता येत नाही. म्हणूनच राज्य शासनाने २०१२ साली नेमलेल्या रंगनाथ पठारे समितीने महाराष्ट्री प्राकृत, अपभ्रंश आणि मराठी ही एकाच भाषेची क्रमशः बदलत गेलेली रूपे आहेत, अशी मांडणी केली आणि नाणेघाटातील शिलालेख व हालाची ‘गाथासप्तशती’ हे पुरावे पुढे ठेवले.

या मांडणीला विदर्भातील साधनांनी मोठे बळ मिळते. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये केलेल्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख मिळाले. नंतरच्या वाकाटक काळात रामटेकजवळचे नंदिवर्धन, म्हणजे आजचे नगरधन, ही राजधानी होती, आणि या घराण्यातील दुसऱ्या प्रवरसेनाने पाचव्या शतकात ‘सेतुबंध’ हे महाकाव्य महाराष्ट्री प्राकृतात रचले. दंडीने ‘काव्यादर्शा’त महाराष्ट्रीला श्रेष्ठ प्राकृत ठरवताना याच काव्याचा दाखला दिला आहे. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा वाशीम येथील ताम्रपट तर अंशतः संस्कृतात आणि अंशतः प्राकृतात आहे, म्हणजे प्राकृत ही तेव्हा काव्याइतकीच राजदरबारी लेखनाचीही भाषा होती. हा ताम्रपट वाचकांपुढे आणण्यात ज्यांचा वाटा होता, त्या नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या कोरीव लेखांचा संग्रह १९६३ साली सिद्ध केला, आणि त्या परिश्रमांखेरीज आजचा युक्तिवाद निश्चितच दुबळा राहिला असता.

२०२४ च्या सुधारित निकषांत वाङ्मयपरंपरा मूळची असावी, उसनी नसावी, ही अट वगळून काव्याबरोबर ज्ञानविषयक ग्रंथांना, विशेषतः गद्याला, तसेच कोरीव लेखांना स्थान मिळाले. गद्याचा हा उल्लेख मराठीला विशेष मोलाचा आहे, कारण म्हाइंभटाने अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे १२७८ च्या सुमारास सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ हा गद्यग्रंथच आहे. त्याची चिकित्सक आवृत्ती १९७८ साली नागपूर विद्यापीठाचे माजी कुलगुरू वि. भि. कोलते यांनी संपादित केली.

पालीचा वैदर्भीय इतिहास मात्र ग्रंथालयापेक्षा लोकजीवनात अधिक घडला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतल्यानंतर त्रिशरण आणि पंचशील लाखो कष्टकरी घरांत पालीतून म्हटले जाऊ लागले, आणि विद्वानांपुरती उरलेली ही भाषा येथे मुलांच्या पाठांतरात आली. अभिजाततेच्या कोणत्याही शासकीय निकषात न मोजली जाणारी ही गोष्ट पालीच्या आधुनिक इतिहासातील सर्वांत मोठी घटना मानली पाहिजे.

आजवर मान्यता मिळालेल्या अकरा भाषांपैकी सात भारतीय आर्य कुळातील आणि चार द्राविड कुळातील आहेत. ऑस्ट्रो-आशियाई वा तिबेटी-ब्रह्मी कुळातील एकही त्यांत नाही. मेळघाटात बोलली जाणारी कोरकू यांपैकी पहिल्या कुळातील आहे, तर देवगडच्या ज्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवले, त्याच्या समाजाची गोंडी ही तमिळ-तेलुगूंच्याच द्राविड कुळातील असूनही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतदेखील नाही. गोंडीची परंपरा मुख्यतः मौखिक राहिली, आणि ताम्रपट, शिलालेख व पोथ्या यांवर उभा असलेला निकष अशा परंपरेचे वय मोजू शकत नाही. त्यासाठी गोंडी गीते आणि वंशकथा यांचे मिराशींच्या तोडीचे संकलन आधी व्हावे लागेल.