दिवाडीवर बांधलेली 'म्हादेई'

मंडळी, आपल्या गोव्यातल्या मराठी घरांत दिवाडी बेट म्हटलं की सप्तकोटेश्वर आठवतो. कदंबांचं हे दैवत मूळ दिवाडीवरचं. पोर्तुगिजांनी देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. एवढं आपल्या मुलांनाही ठाऊक असतं. पण त्याच बेटावर बांधलेल्या एका बोटीने अख्ख्या पृथ्वीला प्रदक्षिणा घातली, हे किती जणांना माहीत आहे? आज तिच्या तयारीविषयी थोडं लिहितो.

कल्पना निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. १९७१ च्या युद्धात लढलेला हा माणूस निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहत होता. एखाद्या भारतीयाने शिडाच्या बोटीतून एकट्याने जग फिरून यावं, आणि बोटही इथेच बांधलेली असावी, असा त्यांचा हट्ट. २००६ मध्ये नौदलातले कमांडर दिलीप दोंदे तयार झाले. तेव्हा ना बोट होती, ना अशा प्रवासाचा कुणाला अनुभव.

म्हणून दोंदे आधी शिकायला गेले, इंग्लंडला सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे. कुठेही न थांबता एकट्याने जग फिरणारा हा पहिला माणूस. १९६८-६९ मध्ये त्यांना ३१२ दिवस लागले होते. आणि गंमत बघा, त्यांची ती ३२ फुटी 'सुहेली' आपल्या मुंबईतच बांधलेली, सागवानाची, सुतारांनी हाताने तासलेली! दोंदे गेले तेव्हा सर रॉबिन पुढच्या शर्यतीसाठी बोट सजवत होते. त्या कामाला हात लावत लावतच दोंद्यांचं शिक्षण झालं.

इकडे बोट बांधायचं काम दिवाडीच्या रत्नाकर दांडेकरांनी घेतलं. त्यांचं यार्ड फायबरच्या बोटी करायचं, पण महासागर ओलांडणारी ५६ फुटी शिडाची बोट हे वेगळंच प्रकरण. आराखडा हॉलंडचा, हात गोव्याचे. सीडर लाकडाच्या पट्ट्या एकीला एक जोडून सांगाडा भरायचा आणि वरून इपॉक्सी न् फायबरग्लासचे थर चढवायचे. दोंदेही यार्डातच ठाण मांडून होते. ज्याला भर समुद्रात एकट्याने दुरुस्ती करायची आहे, त्याला कुठली तार कुठून जाते आणि कुठला नट कशाला धरतो, हे पाठच असावं लागतं.

अशा प्रवासाची तयारी म्हणजे नुसतं सामान भरणं नव्हे. एकटा माणूस चोवीस तास सुकाणू धरू शकत नाही, तेव्हा बोट आपोआप दिशा धरून चालेल अशी सोय लागते, आणि ती बिघडली तर दुसरी. डोलकाठी २५ मीटरची. तिला ताणून धरणारी एखादी तार जरी तुटली तरी काठी जाऊ शकते. शिवणाच्या सामानासह जादा शिडं, दोर, कप्प्या, पाणी, डिझेल, औषधं, महिनोन् महिने टिकणारं जेवण, सगळं बोटीचा तोल सांभाळून ठेवायचं. शिवाय काळोखात हात घातला की हवी ती वस्तू हाताला लागली पाहिजे. दक्षिण महासागरात दुकान नाही, मेकॅनिक नाही.

१२ फेब्रुवारी २००९ ला बोट नौदलात दाखल झाली. नाव मांडवीचं जुनं, 'म्हादेई'. ही नदी उगम पावते खानापूर तालुक्यात, तेव्हा बेळगावकरांचाही या नावावर तेवढाच हक्क. आधी मॉरिशसची चाचणी फेरी झाली आणि १९ ऑगस्टला दोंदे मुंबईहून निघाले. वाटेत फक्त चार मुक्काम. मे २०१० मध्ये परत आले, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणून.

त्यांच्यासाठी किनाऱ्यावरची बाजू सांभाळणारे अभिलाष टोमी २०१२-१३ मध्ये त्याच 'म्हादेई'तून कुठेही न थांबता फिरून आले. मग दांडेकरांकडेच 'तारिणी' तयार झाली. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून प्रदक्षिणा केली. 'सुहेली'च्या आराखड्यावरून टोमींसाठी 'थुरिया'ही गोव्यातच बांधली गेली. सप्टेंबर २०१८ मध्ये ऐन शर्यतीत वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टोमी जबर जखमी झाले, जीव मात्र वाचला. कितीही तयारी करा, समुद्र समुद्रच असतो.

२०२५ मध्ये नौदलात आलेलं 'कौंडिण्य' हे शिवलेलं जहाजही गोव्यातच दांडेकरांकडे बांधलेलं. त्याचा नमुना अजिंठ्याच्या चित्रातला. केरळच्या कारागिरांनी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून ते उभं केलं.

दोंदे-टोमींची नावं पुस्तकांत आली, सत्कार झाले, आणि व्हायलाच हवेत. पण मुंबईत 'सुहेली' तासणारे सुतार कोण होते, हे आज आपल्यापैकी कुणाला सांगता येईल? दिवाडीच्या कारागिरांचंही पन्नास वर्षांनी तेच व्हायला नको. ही माणसं अजून आपल्या आसपास आहेत. तुमच्या घरात, वाड्यावर, ओळखीत कुणी बोटीच्या कामात असेल, तर त्यांना बोलतं करा, त्यांच्या आठवणी लिहून घ्या, आणि त्यांच्या परवानगीने इथे टाका. वाट बघतो.