मुलाखती : एक पास, तीन नापास

मुलाखत या विषयावर आमच्या शाखेत अधिकारवाणीने बोलू शकेल असा माणूस एकच आहे, आणि तो अधिकारी नाही. तो मी. बी.कॉम. झाल्या झाल्या एक मुलाखत देऊन मी बँकेत क्लार्क म्हणून चिकटलो आणि पुढे अधिकारी होण्यासाठी तीन मुलाखती देऊन क्लार्क म्हणूनच टिकलो. या तीन मुलाखतींना आमची सौभाग्यवती 'तुमचे प्रयोग' म्हणते.

गेल्या दिवाळीनंतर शेजारच्या काउंटरवरची मुलगी माझ्याकडे आली. ही एरवी मला 'सर' म्हणते, अडलं की 'काका' म्हणते.

"काका, ऑफिसरची लेखी परीक्षा पास झाले. आता इंटरव्ह्यू आहे. मी आजवर एकही दिलेला नाही."

यात तिचा दोष नाही. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या आणि बँकेच्या क्लार्काची मुलाखतही त्याच सुमारास गेली. वशिला चालतो, गरीब उमेदवाराला हेलपाटे पडतात, ही कारणं. दोन्ही खरी. तेव्हा संगणकावर परीक्षा द्यायची आणि थेट काउंटरवर येऊन बसायचं. चेहरा पहिल्यांदा बघतो तो खातेदार.

"विचार," मी म्हटलं. "काय करू नये ते मी पुराव्यानिशी सांगतो."

पण नुसते स्वतःचे पुरावे बरे दिसेनात, म्हणून रविवारी वाचनालयात जाऊन बसलो. म्हटलं, आपल्याआधी कोण कोण या खुर्चीत बसलंय ते तरी बघू.

पहिली गाठ पडली कौटिल्याशी. 'अर्थशास्त्रा'त अमात्याला नेमल्यावर त्याची गुपचूप परीक्षा घ्यायला सांगितलं आहे. तिला शब्द आहे 'उपधा'. उपधा चार : धर्म, अर्थ, काम आणि भय. अर्थाची परीक्षा अशी की, सेनापतीला कामावरून काढल्याचं नाटक करायचं. मग त्याच्या हेरांनी एकेका अमात्याला गाठून, भरपूर पैशांचं आमिष दाखवून कानात सांगायचं की राजाला उडवायचं ठरतंय, बाकी सगळे तयार आहेत, तुमचं काय? जो 'नाही' म्हणेल तो पास, आणि त्याला करवसुली किंवा तिजोरी द्यायची. भयात टिकला तर राजाच्या जवळचं काम. चारही पास झाला तर मंत्री.

आणि चारही नापास? मी जरा सावरून बसलो. तर त्याला काढत नाहीत! खाणी, लाकडांची जंगलं, हत्तींची रानं आणि कारखाने, इथे पाठवतात. माझ्या दुसऱ्या मुलाखतीनंतर माझी जिथे बदली झाली तिथे हत्ती नव्हते, एवढाच काय तो फरक.

मात्र त्याच प्रकरणात कौटिल्य एक इशाराही देतो. परीक्षा घेता घेता चांगल्या माणसाचं मन नासवू नका, नासलेल्यावर औषध सापडेलच असं नाही. हे वाक्य पॅनेलच्या टेबलावर काचेखाली ठेवायला हरकत नाही.

तिथून निघालो तो चीनमध्ये. तांग राजवटीत (इ.स. ६१८ ते ९०७) लेखी परीक्षा पास झाली तरी लगेच नोकरी नसे. नेमणुकांच्या खात्यात पुन्हा चार गोष्टी तपासत : शरीरयष्टी, बोलणं, हस्ताक्षर आणि निवाडा लिहिण्याची कुवत. म्हणजे छाप पाडणं हे अधिकृत कलम होतं, तेही पहिल्या नंबरावर. माझी शरीरयष्टी काउंटरच्या काचेमागेच शोभते आणि माझं हस्ताक्षर आतापर्यंत फक्त दोन ऑडिटरांना लागलं आहे. चीनची ही परीक्षापद्धत १९०५ साली बंद झाली. माझ्यामुळे नव्हे.

मग आले साहेब. ईस्ट इंडिया कंपनीत पूर्वी संचालकाच्या शिफारशीने नोकरी लागे. काका संचालक असला की पुतण्या कलेक्टर. हे मोडून १८५५ साली लंडनमध्ये खुली परीक्षा सुरू झाली आणि १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर ती पास होणारे पहिले भारतीय ठरले. पण नुसत्या अभ्यासावर साहेब खूश कसा होणार? घोड्यावर बसून दाखवावं लागे. अरविंद घोष १८९० साली अकरावे आले, दोन वर्षं शिकाऊ म्हणून राहिले आणि घोडेस्वारीच्या परीक्षेला गेलेच नाहीत. पुन्हा पुन्हा संधी दिली, तरी नाहीत. १८९२ साली नाव कापलं गेलं. त्यांना ती नोकरी नकोच होती, असं त्यांनीच पुढे सांगितलं. 'नोकरी नकोच होती' असं मीही तीनदा सांगितलं आहे. माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

पण खरी मुलाखत पुढेच आहे. तेव्हा बडोद्याचे सयाजीराव महाराज लंडनमध्ये होते. ओळखीतून अरविंदांची भेट ठरली, बोलणी झाली आणि पगार ठरला महिना २०० रुपये. आयसीएसच्या तोडीचा माणूस २०० रुपयांत मिळाला, म्हणून महाराज खुशीत होते. माणूस १८९३ ते १९०६ बडोद्याच्या नोकरीत राहिला. घोड्याबद्दल विचारलंच नाही तर केवढा फायदा होतो पहा! कॉमर्सचा पदवीधर म्हणून मी या व्यवहाराला मनापासून दाद दिली.

शेवटी अमेरिका. १९२१ साली एडिसनने उमेदवारांसाठी दीडशेच्या आसपास प्रश्नांची यादी काढली. फ्रान्सच्या सीमेला कोणते देश लागतात, इथून सुरुवात. कॉलेजातले पदवीधर धडाधड पडले. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. त्याच वर्षी आइनस्टाइन अमेरिकेत आले होते, त्यांना त्यातला आवाजाच्या वेगाचा प्रश्न विचारला गेला. पुस्तकात सहज सापडणारी गोष्ट मी डोक्यात वागवत नाही, असं उत्तर आलं. म्हणजे एडिसनच्या कारखान्यात आइनस्टाइन नापास. त्या संध्याकाळी मी वाचनालयातून घरी आलो तो जरा ताठ चालत.

सोमवारी मुलीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, पण तुमचं काय झालं होतं?"

माझं असं झालं होतं. पहिल्या मुलाखतीला शेजाऱ्यांचे बूट घालून गेलो होतो. ते एक नंबर मोठे, म्हणून पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते. खुर्चीपर्यंत चालताना अग्रलेख चुरचुरत होता. रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर कोण, विचारलं. मी ठणकावून सांगितलं, "सी. डी. देशमुख!"

"ते पहिले भारतीय, १९४३ चे. १९३५ साली ऑस्बोर्न स्मिथ होते."

"सर, आमच्या घरी देशमुखांच्या आधीचे धरत नाहीत."

एक साहेब हसले. नोकरी लागली.

पुढच्या तिन्ही वेळा बूट माझे होते, मापाचे होते आणि स्मिथसाहेब तोंडपाठ होते. तिसऱ्या वेळी विचारलं, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?" मी म्हणालो, "काउंटर नंबर तीन." कोणी हसलं नाही. निकाल लागला तेव्हा चार दिवस घरी सांगितलं नाही. रोज डबा घेऊन निघत होतो आणि सौभाग्यवती रोज डब्यात काहीतरी गोड घालत होती. तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, हे मला पाचव्या दिवशी कळलं.

मुलगी हसली नाही. म्हणाली, "मग मी काय घालून जाऊ?"

"मापाचे बूट. बाकी तुझ्या मनाने."

मुलाखत देऊन आली तशी थेट माझ्या काउंटरवर. म्हणाली, "काउंटरवर सगळ्यांत अवघड काय, ते विचारलं."

"मग?"

"मी सांगितलं, पेन्शनच्या दिवशी आजोबांची सही जुळत नाही. हात थरथरतो. 'पुन्हा करा' म्हटलं की जास्तच थरथरतो. ते म्हणाले, मग तुम्ही काय करता? मी म्हटलं, मी आधी घाबरायचे. पण शेजारचे काका उठतात, आजोबांना खुर्ची देतात, पाणी देतात, नातवंडांचं विचारतात आणि मग सही करायला सांगतात. बहुतेक वेळा जुळते. नाहीच जुळली तर अंगठा आणि दोन साक्षीदार. आता मीही तेच करते."

मी नोटा मोजत होतो. बंडल पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं. तीन मुलाखतींत मला हे कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी सांगायचं सुचलं नसतं.

परवा तिची ऑर्डर आली. मी विचारलं, "पोस्टिंग कुठे?"

"गडचिरोली जिल्हा."

तिथे कमलापूरला वनखात्याचे खरोखरीचे हत्ती आहेत. कौटिल्याने नापासांना धाडायला सांगितलं, तिथे आमची पास झालेली मुलगी निघाली आहे. निरोपाचे पेढे मी वाटले. एक पेढा मुद्दाम घरी नेला आणि सौभाग्यवतीच्या हातावर ठेवला.

"कसला?" तिने विचारलं.

"प्रयोग यशस्वी झाला," मी म्हटलं.