फॅन फिक्शन : कथा संपल्यानंतरची कथा

आवडत्या कादंबरीतील, चित्रपटातील किंवा दूरचित्रवाणी मालिकेतील पात्रे घेऊन चाहत्यांनी रचलेल्या नव्या कथांना फॅन फिक्शन असे म्हणतात. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता असे लेखन करणारे आणि ते आवडीने वाचणारे जगभर आहेत. हे नाव परके असले, तरी त्यामागील ओढ भारतीय वाचकाला अपरिचित नाही. बंगळुरूशी नाते असलेल्या दोन साहित्यिकांच्या कृतींवरून ती समजून घेता येते.

पुरूच्या पत्नीचा प्रश्न

महाभारताच्या आदिपर्वात ययाती राजाची कथा येते. शुक्राचार्यांच्या शापाने त्याला अकाली वार्धक्य येते आणि धाकटा मुलगा पुरू आपले तारुण्य पित्याला देतो. वि. स. खांडेकर यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ययाति’ या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना आपापली बाजू मांडू दिली. माथेरानमध्ये जन्मलेले आणि पुढे बंगळुरूत स्थायिक झालेले गिरीश कार्नाड यांचे याच विषयावरील कन्नड नाटक १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. तरुण पती एकाएकी वृद्ध झाल्यावर पुरूच्या पत्नीचे काय झाले असेल, हा प्रश्न त्यांनी या नाटकात उभा केला. त्यासाठी चित्रलेखा हे पात्र त्यांनी स्वतः निर्माण केले. पतीच्या त्यागाची किंमत मोजण्यास नकार देणारी चित्रलेखा अखेर मृत्यूला कवटाळते.

बंगळुरूच्या लेखिका संहिता अर्नी यांनी बालवयातच महाभारत स्वतःच्या शब्दांत आणि चित्रांत मांडले. ते पुस्तक १९९६ मध्ये प्रकाशित झाले. ‘द मिसिंग क्वीन’ या त्यांच्या २०१३ मधील इंग्रजी कादंबरीत युद्धानंतरच्या अयोध्येत एक पत्रकार सीतेचा शोध घेऊ लागते.

महाकाव्यांवर कोणाची मालकी नसल्याने या कृतींना फॅन फिक्शन म्हटले जात नाही. तथापि, मूळ कथेने जेथे मौन पाळले तेथे बोलण्याची इच्छा दोन्हीकडे सारखीच आहे.

वाचनाचा आणि लेखनाचा आनंद

कीर्तनातील आख्यानाचा शेवट श्रोत्यांना आधीच ठाऊक असतो, तरीही ते रंगून ऐकतात. फॅन फिक्शनच्या वाचकाचेही तसेच आहे. पात्रांची नव्याने ओळख करून घ्यावी लागत नसल्यामुळे त्याचे सारे लक्ष वेगळ्या वळणाकडे लागते. आवडत्या पात्राचा निरोप घेणे लांबते, हेही एक सुख असते. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सचा मृत्यू दाखवला, तेव्हा वाचकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली आणि १९०३ मध्ये लेखकाला त्याला परत आणावे लागले.

नवोदित लेखकाला तयार जग आणि तयार वाचक मिळतात. संवाद, प्रसंग आणि स्वभावचित्रण यांचा सराव होतो, शिवाय वाचकांचा अभिप्राय लगेच कळतो. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ मध्ये ‘स्पॉकानालिया’ हे अनियतकालिक काढले. अशा अनियतकालिकांतील कथालेखनात स्त्रियांचा वाटा मोठा होता. दुय्यम ठरलेल्या पात्रांना केंद्रस्थानी आणण्याची मुभा त्यांना येथे मिळाली. भारतीय भाषांतील हौशी लेखकांसाठी बंगळुरूतच २०१४ मध्ये ‘प्रतिलिपी’ हा उपक्रम सुरू झाला. त्यावर मराठीतही क्रमशः कथा लिहिल्या जातात.

हक्कांची मर्यादा

या आनंदाला कायद्याची चौकट आहे. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे अबाधित राहतो. कृतीचा विपर्यास होऊन आपल्या प्रतिष्ठेला बाधा येत असल्यास लेखकाला हरकतही घेता येते. त्यामुळे आधुनिक लेखकाच्या पात्रांवर आधारित कथा परवानगीशिवाय विकणे धोक्याचे ठरू शकते.

ययातीचेच उदाहरण घेतल्यास हा भेद स्पष्ट होतो. खांडेकरांचे निधन १९७६ मध्ये झाले. त्यामुळे त्यांच्या कादंबरीवरील हक्क २०३६ च्या अखेरपर्यंत कायम राहतील. महाभारतातील ययाती मात्र सर्वांचा आहे. पुरूच्या पत्नीसारखा एखादा प्रश्न मनात घेऊन कोणीही त्याची कथा पुन्हा लिहू शकतो.